‘भायर मार रे!’ : वाचकांचे प्रश्न, जुन्या बॅकची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो, की यंदा आंतरकॉलेज मॅचेस बघायला गेलात तर फॉरवर्डकडे नको, बॅककडे, म्हणजे गोल अडवणाऱ्या मागच्या फळीकडे बघा. झालं. इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले या वेळी सगळं पान फुटबॉललाच द्या. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच कॉलेजच्या टीमबद्दल आहेत. कॉलेजचं नाव छापत नाही, पोरं अजून तिथंच शिकतायत.

काका, आमची टीम यंदा गोल मारते पण त्याहून जास्त खाते. मागच्या मॅचला हाफटाइमला २-० पुढे होतो, ढोल बडवून, ओरडून घसे बसवून घेतले आणि शेवटी ३-२ हरलो. त्याच्या आधीची मॅच ४-३. लेक्चर बंक करून, दोन बस बदलून आम्ही जातो आणि येताना बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. दोघे स्टॉपर (मधले बॅक) म्हणजे नुसते खांब आहेत, बॉल बाजूने गेला तरी वळत नाहीत. गोव्यात पोरगा चालायला लागला की बॉलला लाथ मारतो म्हणतात, मग अख्ख्या कॉलेजात चार धड बॅक का मिळू नयेत?
— टी.वाय.चा विद्यार्थी, डिचोली

अरे बाबा, पुढे असताना हरलं की काय होतं ते मला विचार. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, ८७व्या मिनिटाला एफसी गोवाने गोल मारून २-१ केलं तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारून नाचत होता. ९०व्या मिनिटाला आपल्याच गोलीच्या हाताला लागून बॉल आत, २-२. अजून श्वास घेतोय तोवर इंज्युरी टाइममध्ये चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा घातला आणि कप चेन्नईला गेला. तो मिठी मारणारा माणूस कधी निघून गेला मला कळलंसुद्धा नाही.

तर तुझा राग मी समजू शकतो. पण ते खांबाचं मला पटत नाही. तुमच्या टीमची एक मॅच मी बघितलीय, गोलपोस्टच्या मागे उभा राहून, कारण बॅक लोकांचा खेळ तिथूनच दिसतो. साइडला उभं राहिलं की बॉल दिसतो, मागून बघितलं की मोकळी जागा दिसते. तुम्ही खाल्लेला पहिला गोल आठव. तुमचा दहा नंबरचा पोरगा, पायात जादू आहे त्याच्या ते मान्य, मधल्या रेषेजवळ तिघांना ड्रिबल मारायला गेला, बॉल गेला, आणि तो कमरेवर हात ठेवून रेफरीकडे बघत उभा राहिला. त्या वेळी तुमचे दोन्ही साइड बॅक पुढे गेले होते, क्रॉस मारायला. म्हणजे मागे राहिले दोन स्टॉपर, समोरून धावत येणारे तीन जण, आणि मध्ये रिकामं शेत. तिथे स्टॉपरने काय करायचं? बॉलवाल्याकडे गेला तर बाजूचा मोकळा, नाही गेला तर तुम्ही म्हणणार खांब. त्याने पाय टाकला, चुकला, गोल. आणि शिव्या कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता चार धड बॅक का मिळत नाहीत. आपण फुटबॉल शिकतो कुठे? भातकापणी झाली की शेतात. दोन दगड ठेवले की गोल, सहा-सहा जण, ऑफसाइड नाही (म्हणजे बॅकच्या मागे जाऊन बॉलची वाट बघत उभं राहिलं तरी चालतं), साइड लाइन नाही. ड्रिबलिंग शिकायला याच्यासारखी शाळा नाही, पण लाइन पकडून चौघांनी एकत्र वर येणं आणि एकत्र खाली जाणं तिथे कोण शिकवणार? आणि शेतात बॅक कोण व्हायचा माहितीय ना, जो उशिरा आला तो, किंवा ज्याला पळवत नाही तो. म्हणजे आपल्याकडे बॅक तयार होत नाही, उरतो. शिवोलीला फादर लायन्सने १८८३ साली बॉल आणला असं सांगतात, तेव्हापासून आपण गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतोय.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फॉरवर्ड एकटा गोल मारू शकतो, एकटा माणूस डिफेन्स करू शकत नाही. तिथे ओळख लागते. शेजारचा पुढे जाणार की थांबणार हे त्याच्या खांद्यावरून कळायला लागतं, आणि ते कळायला वेळ लागतो. धेंपो क्लबने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ला आय-लीग, तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, जिंकली तेव्हा मागे महेश गवळी आणि समीर नाईक होते, दोघं आपल्याच मातीतले, आणि आर्मांदो कुलासो कोच. ही माणसं वर्षानुवर्षं एकाच मैदानावर सकाळ काढत होती. तुमच्या कॉलेजात काय होतं? एक स्टॉपर पेडण्याच्या गावच्या क्लबचा, दुसरा फोंड्याकडचा, दोघं आपापल्या क्लबच्या प्रॅक्टिसला जातात, कॉलेजची टीम लागते आणि आठ-दहा दिवसांत पहिली मॅच. त्यातही एकाचं प्रॅक्टिकल असतं. जमायला लागेपर्यंत एक जण टी.वाय. होऊन बाहेर पडतो. मला तर आश्चर्य वाटतं की तीन-चारच खाता.

आणि फक्त गोल मारून सुटता येत नाही हे एफसी गोवाने पण बघितलंय. २०२० च्या सेमीफायनलला चेन्नईत ४-१ हरले, मग फातोर्ड्याला ४-२ जिंकले, दोन मॅचमध्ये पाच गोल मारूनसुद्धा, सहा खाल्ले म्हणून बाहेर. त्या सीझनला लीगमध्ये पहिले आलेली टीम होती ती!

माझा मुलगा त्याच टीमात स्टॉपर आहे. मॅचला त्याच्याच कॉलेजची मुलं बाहेरून वाईट वाईट बोलतात, आईबापापर्यंत जातात. हरल्यावर त्याचा फोटो आणि वर काहीतरी लिहून मोबाइलवर फिरवला. दोन दिवस धड जेवला नाही, मासळीच्या ताटावरून उठून गेला. त्याला खेळ सोडायला सांगू का? नाव छापू नका.
— एक आई

ताई, सोडायला सांगू नका आणि सोडू नको असंही सांगू नका. दोन्ही त्याच्या डोक्यावर ओझंच. मॅचबद्दल त्याने काढलं तर ऐका, नाही काढलं तर विषय नको. मी खेळायचो तेव्हा माझी आई मॅचनंतर फक्त एवढंच विचारायची, मोजे कुठे टाकलेस? त्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

बाकी हे मी त्या मुलांसाठी लिहितोय, कारण ती वाचतायत, निम्मी पत्रं त्यांचीच आहेत. आपल्याकडे मैदानाच्या कडेला ओरडणं हा हक्क आहे, मीही ओरडतो, ‘भायर मार रे!’ (बाहेर मार रे) म्हणून माझा आवाज म्हापशाच्या धुळेर स्टेडियममध्ये लोकांना पाठ आहे. पण चुकीच्या पासवर ओरडणं आणि पोराच्या आईवर जाणं यात फरक आहे. आणि निव्वळ स्वार्थाचं सांगतो: शिव्या खाल्लेला बॅक काय करतो? तो बॉल मागायचं बंद करतो, बोलायचं बंद करतो. आणि बोलत नाही तो बॅक, मग पाय कितीही चांगले असोत, भोक आहे भोक. त्याने ‘सोड’, ‘माझा’, ‘मागे बघ’ एवढं ओरडलं तर अर्धे गोल वाचतात. त्याचं तोंड तुम्हीच बंद केलंत. मग हरल्यावर फोटो फिरवता. तो फोटो ज्याने बनवला त्याने मॅचच्या दिवशी एकदा त्या जागेवर उभं राहून बघावं, समोरून तीन जण येताना.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा डिफेन्स म्हणजे डिफेन्स होता. आत्ताच्या मुलांना अंगाला लागलेलं चालत नाही, केस मोडतील म्हणून हेडिंग करत नाहीत. खरं की नाही?
— माजी विद्यार्थी, वास्को

केसांबद्दल तुमच्याशी सहमत, बाकी नाही. आपल्या वेळचं सगळं सोनं वाटतं हो. खरं सोनं बघायचं तर १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, राज्यांच्या टीमांची स्पर्धा, घ्या. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात आणि तेच कॅप्टन, मद्रासला फायनलमध्ये पंजाबला १-० हरवलं, आणि अख्ख्या स्पर्धेत गोव्याने एकही गोल खाल्ला नाही. त्याच्या आदल्या वर्षी बंगालबरोबर संयुक्त विजेते होतो, हे एकट्याचं. शंखवाळकरांना २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या नाक्यावर पेढे वाटले. पण त्या टीममध्ये पुढचे दहा पण धावत होते, एकटा गोली कितीही मोठा असला तरी स्पर्धाभर शून्य ठेवू शकत नाही.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या वेळी समोरचा दाबून आला की बॅक बॉल मागे गोलीला द्यायचा, गोली हातात उचलायचा, वेळ काढायचा. १९९२ पासून ते बंद. पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलीला हातात घेता येत नाही. आता समोरून दोघं धावत आलेत, मैदान पावसाने चिखल झालंय, आणि बॅकने पायानेच मार्ग काढायचा. तुम्ही-मी टिकलो असतो का? मी तरी नाही. मी पाचव्या मिनिटाला बॉल शेजारच्या माडावर मारला असता.

आमच्या गोलीने बॉल हातात धरून ठेवला म्हणून रेफरीने समोरच्यांना डायरेक्ट कॉर्नर दिला आणि त्यावर गोल झाला. असा नियम कधी आला? रेफरी विकला गेलाय असं सगळे म्हणतायत.
— एक चाहता, साखळी

रेफरीची माफी मागा. २०२५ पासून नियमच तसा झालाय. गोलीने बॉल हातात ८ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर. रेफरी शेवटची पाच सेकंदं बोटांनी मोजून दाखवतो. पूर्वी ६ सेकंदं होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्रीकिक (जिच्यावर थेट गोल मारता येत नाही), जी कोणी द्यायचंच नाही. तुमच्या गोलीला सांगा, पुढे आहोत म्हणून बॉल पोटाशी धरून झोपायचे दिवस गेले.

थ्रो-इनवर त्यांचा फॉरवर्ड चक्क आमच्या बॅकच्या मागे उभा होता, गोल दिला. ऑफसाइड नाही का?
— अकरावीतला एक, पेडणे

नाही. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक, या तिन्हीवर थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो. हात वर करून उभं राहण्यापेक्षा त्याला पकडा.

काका, मी त्या टीमचा कॅप्टन. सगळं वाचतो, सगळं ऐकतो. पुढची मॅच आठ दिवसांवर आहे आणि सर म्हणतात तूच ठरव. पोरं म्हणतात स्टॉपर बदल. आठ दिवसांत नवीन डिफेन्स कुठून आणू?
— (नाव नको म्हणाला)

नवीन आणू नको. आहेत त्याच चौघांना ठेव. बदलशील तो नवा पोरगा परत शून्यापासून ओळख करायला लागेल, आणि जुना आयुष्यभर सांगत फिरेल की मला काढलं.

आठ दिवसांत मोजक्याच गोष्टी होतात, सगळ्या होत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या नादाला लागू नको. ऑफसाइड ट्रॅप (चौघांनी एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडणं) तर अजिबात लावू नको, एक जण झोपला की चौघांचा बाजार उठतो. रोज अर्धा तास फक्त हे चौघं, त्यांच्या पुढचा एक हाफ (मधल्या फळीतला) आणि गोली, असे सहा जण, आणि समोरून आठ जण येऊ देत. बॉल नंतर, आधी नुसतं एकत्र सरकायचं, डावीकडे गेला की सगळे डावीकडे. पोरांना कंटाळा येईल, येऊ दे.

दोन साइड बॅकपैकी एकच पुढे जाणार हे आधी ठरव. डावा गेला की उजवा थांबला. आणि पुढचा तो हाफ, जो सध्या तुमच्याकडे गोल मारायची स्वप्नं बघत फिरतो, त्याला दोन स्टॉपरच्या समोर खुंटीला बांध. तुम्ही खाता ते गोल तिथून येतायत, मागून नाही.

आता दहा नंबरचा. त्याच्याशी बोलायचं काम तुझं, सरांचं नाही. बॉल गेला की पाच पावलं मागे पळायचं, फक्त पाच, बॉल परत मिळाला नाही तरी चालेल, समोरचा हळू होतो आणि मागच्यांना वळायला वेळ मिळतो. तो म्हणेल मी गोल मारतो ना. म्हण, मारतोस, आणि आपण ४-३ हरतो.

कॉर्नरला तुमचे सगळे बॉलकडे बघत उभे असतात, मी बघितलंय. प्रत्येकाला आदल्या दिवशीच माणूस वाटून दे, कागदावर लिही, हाफटाइमला परत वाच, कारण त्यांचे बदली खेळाडू आले की तुमच्यातले दोघं एकालाच धरतात आणि त्यांचा उंच पोरगा मोकळा सुटतो. मागच्या मॅचचा तिसरा गोल तसाच होता. आणि जवळच्या पोस्टला एक जण ठेव, बुटका असला तरी चालेल.

मॅच सकाळची आहे ना? मग भजीपाव नंतर.