घरच्या शेडमध्ये जुन्या पद्मिनीला सिल्व्हर मेटॅलिक मारता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, मूळ पांढरी. तिला सिल्व्हर मेटॅलिक करायचंय. घरामागे पत्र्याचं शेड आहे, एक एचपीचा कंप्रेसर आहे, आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तुम्ही घरीच करायचं मनावर घेतलंय. जमेल का?

जमतं. मी कोल्हापुरात आमच्या १९७८च्या पद्मिनीवर हेच केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा फसलं. कुठे फसलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक सगळे तिथेच फसतात.

पहिल्या वेळी मी चारही दरवाजे काढले, स्टुलांवर आडवे ठेवले आणि निवांत रंगवले. आडव्या पत्र्यावर ओघळ येत नाहीत, त्यामुळे स्वतःवर खूश होतो. बाकीची बॉडी दुसऱ्या दिवशी. सगळं जोडून गाडी अंगणात ढकलली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, गाडी झकास दिसली. पाच वाजता ऊन तिरपं झालं आणि दरवाजे दुसऱ्याच गाडीचे वाटायला लागले. बॉनेटकडून बघितलं तर फेंडरपेक्षा फिकट, डिकीकडून बघितलं तर गडद. डबा तोच, स्प्रे गन तीच, हात माझाच.

त्याचं कारण असं. मेटॅलिकमध्ये चकाकतात त्या ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक चकत्या. पेंटर लोक त्याला दाणा म्हणतात, पण आकार दाण्याचा नाही, माशाच्या खवल्यासारखा चपटा असतो. खवला पत्र्याशी समांतर बसला की समोरून उजळ दिसतो आणि कडेने बघितलं की गडद. रंगाचा हात जास्त ओला पडला तर सुकायला वेळ लागतो, तेवढ्यात खवले तरंगतात, कलंडतात, कुठे गोळा होतात, आणि तिथे काळपट ढग दिसतो. हात कोरडा पडला तर रंग फिकट आणि खरखरीत. म्हणजे एकाच डब्यातून तीन छटा निघू शकतात. गन किती लांब धरली, हवेचा दाब किती होता, पत्रा उभा होता की आडवा, दिवस गरम होता की गार, हे सगळं रंगात उतरतं. साध्या पांढऱ्या किंवा काळ्या रंगात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून दरवाजे, बॉनेट, डिकी गाडीला लावूनच किंवा गाडीवर असतात तशाच स्थितीत टांगून रंगवा. आतल्या कडा आणि चौकटी आदल्या दिवशी उरकून घ्या. बाहेरची सगळी बॉडी एकाच दिवशी, एकाच हाताने. दोन लिटरचे डबे आणलेत तर सगळे एका मोठ्या डब्यात ओतून एकत्र ढवळा, कारण दोन डब्यांतही किंचित फरक असतो. आणि गनचा कप भरताना दर वेळी पुन्हा ढवळा. ॲल्युमिनियम तळाशी बसतं. मी हे एकदा विसरलो आणि उजवा मागचा फेंडर दोन वेळा घासला.

आता तुमचा कंप्रेसर. एक एचपीचा छोटा कंप्रेसर टायरात हवा भरायला ठीक. एचव्हीएलपी गनला (कमी दाबाने पण भरपूर हवेवर चालणारी स्प्रे गन) साधारण ८ ते १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, हवा लागते, तुमचा त्याच्या निम्मीही देणार नाही. बॉनेटच्या अर्ध्यावर दाब पडला की थेंब मोठे होतात, हात ओला पडतो आणि बरोबर तिथून गडद पट्टा सुरू होतो. क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारल्यावर पट्टा झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. दोन-तीन एचपीचा, दीडशे लिटरच्या टाकीचा बेल्टवाला कंप्रेसर दोन दिवस भाड्याने आणा. घरची सिंगल फेज लाइन असेल तर दोन एचपीवर थांबा, नाहीतर तो सुरू होताना एमसीबी पडेल. कंप्रेसर शेडच्या बाहेर ठेवा, नळी लांब घ्या आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावाच. टाकीत पाणी साठतं, आणि त्यातला एक थेंब क्लिअरमध्ये गेला की काय होतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळेलच.

पत्र्याच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुमचा डेंटर माझ्यापेक्षा शहाणा असणार. पद्मिनीचा पत्रा दरवाज्यांच्या तळाशी, फूटबोर्डात, चाकांच्या कमानींत आणि हेडलाइटच्या मागे सडतो. तिथे लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेऊ नका, नवीन पत्रा वेल्ड करून घ्या. जुन्या रंगावर थिनरचं फडकं चोळून बघा. रंग फडक्याला लागला तर खाली ड्यूको आहे, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. त्यावर थेट पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारला तर खालचा थर सुरकुततो. पूर्ण उतरवा. तो घासताना पाणी वापरा, कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती भुकटी घरात जाते. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. हाताचा घाम लागलेला पत्रा सकाळपर्यंत तांबूस होतो, बोटांच्या ठशांसकट.

सिल्व्हर हा या बाबतीत फार चुगलखोर रंग आहे. लांबीवरचे ऐंशी नंबरच्या सँडपेपरचे ओरखडे रंगवताना दिसत नाहीत, पंधरा दिवसांनी थिनर पूर्ण उडून सरफेसर (रंगाखालचा जाड प्रायमर) बसला की वर येतात. ऐंशीनंतर एकशेऐंशी, मग तीनशेवीस, मग सरफेसर. सरफेसर सुकल्यावर काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारून पाण्यात चारशे आणि शेवटी सहाशे-आठशेचा वॉटरपेपर फिरवा. काळं जिथे उरतं तिथे खड्डा, जिथे आधी जातं तिथे उंचवटा. हाताखाली लाकडी किंवा रबरी ठोकळा धरा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या वळ्या पडतात. माझे याच कामात तीन आठवडे गेले. रंग मारायला एक दिवस लागला.

रंगाआधी सराव करा. मी आईच्या जुन्या लोखंडी कपाटावर केला. उभा पत्रा, मोठं दार, अगदी गाडीच्या बाजूसारखं. तीन वेळा घासून तीन वेळा मारलं. आज आमच्या घरातली सगळ्यात चांगली रंगवलेली वस्तू ते कपाट आहे, हे मी गाडीसमोर बोलत नाही.

मारायची रीत माझी अशी होती. बेससाठी, म्हणजे क्लिअरखालच्या मेटॅलिक रंगासाठी, १.३ मिमीचं नोझल, गनमध्ये हवा शिरते तिथे साधारण दोन बार दाब, पत्र्यापासून वीतभर अंतर. एरवी एका पट्ट्यावर दुसरा निम्मा चढवतात, मेटॅलिकला पाऊण चढवा. मनगट वाकवू नका, पूर्ण हात पत्र्याला समांतर सरकवा, आणि ट्रिगर पॅनलच्या बाहेर दाबून बाहेरच सोडा. पहिला हात मध्यम ओला. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चमक जाऊन सगळं मंद दिसेपर्यंत. मग दुसरा. दुसऱ्याची ओल अजून थोडी शिल्लक असताना दाब जरा उतरवा, गन हातभर मागे घ्या आणि उभा-आडवा, भराभर, धुक्यासारखा एक हात फिरवा. याने खवले एकसारखे पसरतात आणि ढग मोडतात. हा शेवटचा हात म्हणजेच मेटॅलिकचं खरं कौशल्य, आणि तो वाचून येत नाही, म्हणून ते कपाट.

मी टपापासून सुरुवात केली. पद्मिनीच्या टपाला कडेने पन्हळ आहे, तिथे टप आपोआप संपतो, हे तिचे उपकार. मग एक बाजू, डिकी, दुसरी बाजू, शेवटी बॉनेट. उजेडासाठी दोन्ही भिंतींना उभ्या ट्यूबलाइट लावा. वरून एकच दिवा असेल तर बाजूचे ढग दिसत नाहीत.

बेस सुकला की त्याला पेपर लावायचा नाही. खवला कापला जातो आणि तिथे काळा डाग पडतो. कण बसलाच असेल तर तो काढून तिथे पुन्हा बेसचा धुकट हात द्या. मग वीस-तीस मिनिटांनी क्लिअर. पहिला हात हलकाच. तो बदाबदा ओला मारला तर खालचे खवले हलतात आणि दिवसभराची मेहनत डोळ्यांदेखत ढगाळते. दुसरा हात भरून. मिश्रणाचं प्रमाण आणि थांबायची वेळ डब्यावर असते तीच पाळा, माझी नको.

आता फिशआय. क्लिअर मारताना डिकीवर मोहरीएवढे गोल खड्डे पडायला लागले. कारण शोधताना डोकं फिरलं. गाडी पुसून झाल्यावर मी डोक्यावरून हात फिरवला होता, आणि डोक्याला खोबरेल. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे तर महिनाभर शेडच्या आसपास आणू नका. शेडला लागून स्वयंपाकघर असेल तर त्या दिवशी तळण नको.

यात एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. पीयू क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये गळलं ते मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधलं रसायन वेगळं, पण कूळ तेच. याने कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. तोंडाला रुमाल किंवा कोविडचे मास्क इथे शून्य उपयोगाचे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, शिवाय हातमोजे, चष्मा, पूर्ण अंग झाकणारा पोशाख. मी पहिल्या वेळी वाफ गाळणाऱ्या काडतुसाच्या मास्कवर भागवलं, तो मूर्खपणा होता. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून ठिणगी पडू शकेल असा घरगुती एक्झॉस्ट पंखा वाफेच्या वाटेत नको, आणि शेजारी गिझर किंवा गॅस पेटलेला नको. हा मास्क मिळत नसेल तर आयसोसायनेटचा हार्डनर नसलेला सरफेसर घ्या, तिथपर्यंत सगळं घरी करा आणि बेस-क्लिअरसाठी एखाद्या पेंटरचं बूथ एका दिवसापुरतं मागा. आज मी तसंच करीन. मजुरीतला मोठा वाटा घासण्याचा असतो, तो तुमचा वाचलेलाच असतो.

आणि शेजारी. माझ्या शेडचं शटर अर्धं उघडं होतं. क्लिअरचं धुकं वाऱ्याने पलीकडच्या काकांच्या गाडीवर बसलं, काच खरखरीत झाली. दोन रविवार क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारा मऊ गोळा) घेऊन त्यांची गाडी घासत होतो. आधी सांगून गाड्या हलवून घ्या.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. पावसाळ्यात हवेत पाणी, एप्रिल-मेमध्ये रंग पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो. थंडीत सकाळी अकराच्या पुढे सुरू करा, पत्रा गार असताना नाही. जमीन पाण्याने भिजवून ठेवा, धूळ बसते. काचांचे रबर आधी मिळवून ठेवा, मगच जुने उपसा. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून रबर कुठल्याही दुकानात मिळेल असं धरून चालू नका. आणि आरसी बुकात रंग पांढरा असेल तर बदल आरटीओत नोंदवून घ्या.

न पातळ केलेला अर्धा लिटर बेस बाजूला ठेवा आणि डब्यावर रंगाचा फॉर्म्युला चिकटवा. मेटॅलिकवर ओरखडा पडला तर ब्रशने टिपका देऊन भागत नाही, शेजारच्या पॅनलपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो.

संध्याकाळच्या आत संपवा, कारण दिवे लागले की डास येतात. क्लिअरमध्ये डास बसला तर चिमटा घेऊन मागे लागू नका. सुकू द्या, मग दोन हजारच्या पेपरने आणि रबिंग कंपाउंडने निघतो. मी मागे लागलो. डासाचं धड निघालं. पाय डिकीवर, नंबरप्लेटच्या वर, क्लिअरच्या आत आहे, आणि आमचे बाबा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आवर्जून दाखवतात.