गेम सारखा बंद पडतो आणि रिफंडही नाकारला, आता काय करू?

अकरा तास खेळून झाल्यावर सेव्ह (गेममध्ये जपून ठेवलेली प्रगती) उघडेना आणि रिफंड मागितला तर वेळमर्यादा संपल्याचं उत्तर आलं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही असंच झालं होतं. एका पुलावर पाय ठेवला की पडदा गोठायचा, आवाज तेवढा एका सुरात घुमत राहायचा आणि गेम बंद. ड्रायव्हर बदलले, फाइल्स तपासून घेतल्या, ग्राफिक्स अगदी कमीवर आणले. दोन संध्याकाळी गेल्या, पूल काही ओलांडता आला नाही.

पैशांपेक्षा मला त्या तासांच्या हिशेबाचा संताप येतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा रिफंडचा नियम बघा: खरेदीला 14 दिवस झालेले नकोत आणि खेळणं 2 तासांच्या आत हवं. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होईपर्यंत आपण नुसते बसून असतो, तोही वेळ खेळण्यात धरला जातो. शिवाय अकराव्या तासाला येणारा बग दुसऱ्या तासाला दिसणार कसा? जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर 30 दिवसांची मुदत असते, गेम सुरू करून पाहिला असला तरी. मला तो नियम जास्त न्याय्य वाटतो.

डिसेंबर 2020 मध्ये सायबरपंक 2077 हा गेम आला, तेव्हा एवढी ओरड झाली की सोनीने आठवडाभरात तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि पूर्ण पैसे परत देऊ केले. लहान गेमसाठी अशी ओरड होत नाही, म्हणून आपली तक्रार आपणच नीट मांडायची.

स्टीमवर घेतला असेल तर पुन्हा मागणी करा. नियमात न बसणारी विनंतीही पाहू, असं त्यांच्याच धोरणात आहे. मी आधी नुसतं ‘गेम चालत नाही’ असं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा कुठे, काय केल्यावर बंद पडतो ते लिहून क्रॅश लॉग (गेम बंद पडताना आपोआप तयार होणारी नोंद) जोडला. दुकानाने तरीही नकार दिला, पण तोच मजकूर गेम बनवणाऱ्यांना पाठवला तेव्हा त्यांनी माझी सेव्ह फाइल मागून घेतली आणि पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, तो पूल दुरुस्त झाला.

तुमच्या तक्रारीचं उत्तर येईपर्यंत गेम अजिबात उघडू नका. आधी क्लाउड सिंक (सेव्हची प्रत आपोआप इंटरनेटवर ठेवणारी सोय) बंद करा, नाहीतर खराब सेव्ह चांगल्या सेव्हवर चढून बसेल. मग सेव्हच्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा आणि आत जुनी ऑटोसेव्ह (गेमने आपोआप केलेली सेव्ह) आहे का ते तारखेनुसार शोधा.