दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेला जपान एवढ्या लवकर कसा सावरला?
नुसतं "जपानी लोक लय मेहनती" म्हणून विषय संपत नाही हो. १९४५ नंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या अमलात खरी उलथापालथ गावागावात झाली, सरकारने जमीनदारांच्या जमिनी ठरलेल्या भावाने घेऊन कुळांना विकल्या, आपल्याकडच्या "कसेल त्याची जमीन" सारखंच, आणि महागाई एवढी भडकली की जमीनदाराच्या हातात आलेल्या पैशाची पार रद्दी झाली. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, ३९ जणी निवडून पण आल्या. सम्राट राहिला, पण नावापुरता. बाकी पैशाचं म्हणाल तर नशीबच, १९५० ला शेजारी कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकन लष्कराने ट्रकच्या ऑर्डरी दिल्या आणि डबघाईला आलेली टोयोटा त्यावर तरली.