युद्धकाळात नौदलाची टगबोट नेमकं काय काम करायची?
रोजचं काम ढकलण्या-ओढण्याचं. अवाढव्य युद्धनौकेला गोदीच्या अरुंद जागेत वळता येत नाही, मग टग तिच्या अंगाला नाक लावून इंच-इंच सरकवते. नाकावर दोरखंडाची जाड गादी बांधलेली असते, नाहीतर पत्राच चेपेल. शिवाय बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) ओढणं, आगी विझवणं.

पण खरी कसोटी हल्ल्याच्या वेळी. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर नौदल तळावर हल्ला केला, तेव्हा 'होगा' नावाच्या जेमतेम १०० फुटी टगने पेटलेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेशेजारून 'व्हेस्टल' हे दुरुस्ती-जहाज ओढून काढलं. मग 'नेव्हाडा' युद्धनौकेच्या आगीवर पाणी मारत, ती बंदराची वाट अडवणार नाही अशा उथळ जागी तिला टेकवायला मदत केली. खलाशी मूठभर, चहूकडे जळतं तेल! त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. 'होगा' आज अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या नॉर्थ लिटल रॉकला जतन केलेली आहे.