‘नवरंग’मधला ‘नव’ कोणता?

प्रश्न असा: नवरंग या पक्ष्याच्या नावातला ‘नव’ नऊचा की नव्याचा? पक्षीनिरीक्षक त्यालाच ‘पिट्टा’ म्हणतात, त्याचा पित्ताशी काही संबंध? आणि अनेकवचन काय?

‘नव’ नऊचा. संस्कृतात ‘नवन्’ म्हणजे नऊ आणि ‘नव’ म्हणजे नवा. समासात दोन्ही ‘नव’च होतात, म्हणून घोळ. नवरात्र, नवग्रह एका घरातले, नववधू, नवजात दुसऱ्या. नवरंग पहिल्या घरातला.

रंग खरेच नऊ आहेत का? जूनमध्ये कर्नाळ्याला एक नीट दिसला तेव्हा मोजायला घेतले. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा ठिपका, पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा, गळा पांढरा, पाय गुलाबी. सात झाले, तोवर स्वारी पाचोळा उडवत जाळीत शिरली. डोक्यावरचा तपकिरी धरला तर फार तर आठ. पण पंचपक्वान्ने तरी मोजून कोण जेवतो?

‘पिट्टा’ तेलुगूतला. तिथे ‘पिट्ट’ म्हणजे नुसते पाखरू, कुठलेही. व्हिएयो या फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञाने 1816 मध्ये तो शब्द उचलून प्रजातीला (म्हणजे ‘जीनस’ला) दिला. त्याआधी 1766 मध्ये लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने या रंगीत जिवाला चक्क कावळ्यांत बसवले होते! पूर्ण शास्त्रीय नाव ‘पिट्टा ब्रॅक्युरा’. ब्रॅक्युरा म्हणजे आखूडशेपट्या, आणि शेपटी खरेच नावापुरतीच असते. पित्ताशी संबंध शून्य. आपल्या ‘पिट्ट्या पडणे’शीही नाही, जरी त्याला शोधताना तो पडतोच.

मला स्वतःला तमिळ नाव जास्त आवडते: ‘आरुमणि कुरुवि’, सहाच्या ठोक्याचे पाखरू. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून हा पावसाच्या तोंडावर कोकणात, सह्याद्रीत, विदर्भाच्या जंगलात विणीला येतो. राहतो दाट झुडपांच्या तळाशी, त्यामुळे रंग दिसायच्या आधी पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याची दोन सुरांची शीळच ऐकू येते. मराठीने नाव डोळ्यांनी ठेवले, तमिळने कानांनी.

अनेकवचन ‘नवरंग’च. दोन नवरंग दिसले, नवरंगांची शीळ ऐकली. ‘नवरंगे’ नको.