कीचेन पुतणीचं नाही

मावशी, नमस्कार.

मी २७ वर्षांचा आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसी (धातू कापायचं संगणकावर चालणारं मशीन) चालवतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दादा-वहिनी घरी येऊन राहिले होते. तेव्हा पुतणीला सांभाळता सांभाळता तिच्याबरोबर ‘माय लिटल पोनी’ हे कार्टून बघायला लागलो. तिचा नाद महिन्यात सुटला, माझा अजून सुटला नाही. सगळे नऊ सीझन बघून झालेत, काही भाग तर चार-चारदा. त्यातली ॲपलजॅक नावाची पोनी सगळ्यात आवडती. बाबा गेल्यावर घर, कर्जाचे हप्ते, आईची औषधं सगळं मी एकटाच ओढत होतो आणि कुणाला काही बोलत नव्हतो. एका भागात ॲपलजॅक पण तसंच करते, अख्खी बाग एकटीच उतरवायला जाते. तो भाग बघितला आणि दुसऱ्या दिवशी दादाला फोन करून हप्त्यांचं सगळं सांगून टाकलं.

बाईकच्या किल्लीला तिचं कीचेन आहे. कुणी विचारलं की ‘पुतणीचं हाय’ म्हणतो. मागच्या महिन्यात कट्ट्यावर एकानं माझ्या मोबाईलचा वॉलपेपर बघितला. तेव्हापासून माझं नाव ‘तट्टू’ पडलंय. एकजण तर ‘बायकी’ म्हणाला. त्यात आता गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलंय. आई म्हणते, त्यांची माणसं घर बघायला येतील, त्याआधी कपाटावरचं ते चित्र काढ. मला आता लपवायचा कंटाळा आलाय. पण उघडपणे राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय? का सोडूनच देऊ हा नाद?

– मंगळवार पेठेतला एकजण

*

बाळा,

तुझं पत्र आलं आणि मी आधी चार भाग बघितले. रश्श्याची चव न घेता त्यात मीठ घालायची मला सवय नाही. माझं मत विचारशील तर गाणी जरा जास्तच आहेत, आणि त्या पोनींचे डोळे एवढे मोठाले की पहिली पाच मिनिटं माझेच डोळे भरून आले. पण तू म्हणतोस तो भाग, पहिल्या सीझनमधला चौथा, मी दुसऱ्यांदा लावून बघितला. भाऊ जायबंदी, झाडं सफरचंदांनी वाकलेली, आणि ही बया कुणाची मदत घेईल तर शपथ! झोपेच्या गुंगीत मफिनमध्ये भलतंसलतं घालते आणि गाव आजारी पाडते. आपल्याकडं ऊस तोडणीला आला की असा एखादा घरटी निघतोच, ‘माझं मी बघतो, तुम्ही सरका’ म्हणणारा. तुमच्या घरी तो तू होतास.

ज्या वाचकांना हे प्रकरणच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. पोनीव्हिल नावाच्या गावात रंगीबेरंगी, बोलणारी तट्टं राहतात. ट्वायलाइट स्पार्कल नावाची त्यातली एक, सदा पुस्तकात डोकं घातलेली, मैत्री शिकायला तिथं येऊन राहते. सुरुवातीच्या भागांत ती शेवटी राजकुमारीला पत्र लिहून कळवते की आज मी अमुक शिकले. लोकांच्या पत्रांवर माझं पोट असल्यामुळे हे मला फार आवडलं. फरक एवढाच, की तिकडं पत्र लिहिणारी पत्राआधीच शहाणी झालेली असते. मला तशी पत्रं येत नाहीत.

तुला वाटत असेल की आपण एकटेच असे. तसं नाही. ही खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं १९८० च्या दशकात मुलींसाठी काढली. लॉरेन फाउस्ट लहानपणी त्यांच्याशी खेळायची. मोठेपणी ती ॲनिमेशनमध्ये गेली, आणि मुलींच्या खेळण्यांवरची कार्टून एवढी गुळमट नि पोकळ का, हे तिला खटकत राहिलं. मालिका हातात आली तेव्हा, लहानपणी खेळताना आपल्या घोड्यांना दिलेले स्वभावच तिनं पात्रांना दिले. १० ऑक्टोबर २०१० ला पहिला भाग लागला. पंगत मांडली होती छोट्या मुलींसाठी, आणि पाटावर येऊन बसले कॉलेजची पोरं, नोकरदार बाप्ये. त्यांनी स्वतःलाच नाव ठेवलं ‘ब्रोनी’. ब्रो म्हणजे आपला भावा, पुढं पोनी. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा पहिला मेळावा भरला तेव्हा शंभरेक माणसं होती. २०१९ साली बाल्टिमोरला झाला, तेव्हा दहा हजारांवर.

त्यांचा एक किस्सा मला फार आवडला. पहिल्याच भागात मागच्या गर्दीत एक करडी पोनी आहे, तिचे डोळे चुकून दोन दिशांना काढले गेले. या लोकांनी ते हेरलं, तिला नाव दिलं आणि असं डोक्यावर घेतलं की पुढं २०१५ साली मालिकेचा शंभरावा भाग तिच्यासारख्या मागच्या रांगेतल्या पात्रांवरच बेतला गेला. एवढं बारीक बघणारी माणसं मला तरी रिकामटेकडी वाटत नाहीत. बरं, थोडी वाटतात. पण आमच्या गल्लीत मॅचनंतर मध्यरात्रीपर्यंत ऑफसाइडवर भांडणाऱ्यांपेक्षा जास्त नाही.

आणि चिडवणं हे फक्त आपल्या पेठेचं वैशिष्ट्य आहे असंही समजू नकोस. २०१४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा रेनबो डॅश या पोनीचं दप्तर घेऊन शाळेत जायचा. पोरांनी त्याला छळलं, तर शाळेनं त्यालाच सांगितलं, दप्तर घरी ठेव. पुढं ओरड झाली आणि शाळेला शब्द मागं घ्यावे लागले. तुझी आई चित्र काढायला सांगते तेही त्याच चालीवर. पण तिच्याकडं मी नंतर येते.

आधी या गावाबद्दल बोलू. दिवाळीच्या पाडव्याला तू पंचगंगेकडं किंवा सागरमाळावर गेला असशीलच. धिप्पाड मिशाळ गडी आपल्या म्हशीची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, अंगावरचे केस कातरून त्यात नावं नि नक्षी काढतात. मग मोटरसायकल पुढं, म्हैस मागं, आणि धन्याच्या हाकेसरशी ती धावत सुटते. बघायला हीऽऽ गर्दी. आता तुझ्या ॲपलजॅकच्या मांडीवर काय आहे? तीन लाल सफरचंदं. सांग बघू, रंगवलेल्या चतुष्पाद प्राण्यावर जीव टाकणं हे कोल्हापूरला कधीपासून नवीन झालं? फुटबॉलचा विश्वचषक आला की गल्लीगल्लीत अर्जेंटिना नि ब्राझीलचे झेंडे लागतात. अर्जेंटिना कुणाच्या मामाचं गाव आहे? कुणी विचारत नाही. कारण झेंडा लावणारा ‘हा पुतण्याचा हाय’ असं म्हणत नाही.

घोडं पेंड खातंय ते इथं. (माफ कर, म्हणच तशी आहे.) तू पत्रात कार्टूनबद्दल विचारलंयस, पण मला बोचलं ते कीचेन. ॲपलजॅकचा गुण कुठला, हे तू मला सांगायला हवंस. खरेपणा! सहा मैत्रिणींमध्ये तोच तिच्या वाट्याला आलाय. आणि तिचंच कीचेन बोटात फिरवत तू थाप मारतोस, तीही त्या पोरीच्या नावावर, जिचा नाद कधीच सुटलाय. उद्या ती कट्ट्यासमोरून जाताना कुणी तिला ‘तुझा घोडा काकाकडं हाय व्हय’ विचारलं तर?

मी तुला हसत नाहीये. मीही हेच केलंय. लहान मुलांचे दिवाळी अंक मला वेड लागल्यासारखे आवडतात, अजूनही. महाद्वार रोडवर दुकानात मागताना मी वर्षानुवर्षं ‘नातवाला हवाय’ म्हणायचे. नातू झाला त्याच्या आधीपासून! एका वर्षी दुकानदारानं विचारलं, ‘कितवीत गेला?’ आणि माझी बोबडी वळली. तेव्हापासून मी सरळ ‘मला हवाय’ म्हणते. दुकानदार पिशवीत घालून देतो. बास, एवढंच होतं. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

तर उघडपणे राहायचं म्हणजे दवंडी पिटायची नाही. कट्ट्यावर जाऊन ‘मित्रांनो, मला काही सांगायचंय’ वगैरे अजिबात नको. कुणी विचारेल तेव्हा खरं सांगायचं, छोटं सांगायचं. ‘माझं हाय. ॲपलजॅक. लई भारी कार्टून हाय.’ आणि चहा प्यायचा. लॉरेन फाउस्टपासून सुरुवात करून वीस मिनिटं पटवून द्यायला बसलास की संपलं. सफाई देणारा माणूस आधीच आरोपी दिसतो. ज्याला खरंच कुतूहल असेल तो चार दिवसांनी एकटा गाठून विचारेल, मग त्याला खुशाल सगळं सांग. सकाळी आरशासमोर वाक्य म्हणून बघ. हसू नकोस, मी दिवाळी अंकासाठी म्हणून बघितलं होतं.

‘तट्टू’चं मनावर घेऊ नकोस. पोनीला मराठीत तट्टूच म्हणतात, त्यामुळं पोरांनी भाषांतर अगदी अचूक केलंय. पेठेत ज्याला टोपणनाव नाही तो एकतर पाहुणा तरी असतो नाहीतर वसुलीवाला तरी. हाक आली की ‘ओ’ दे. चिडवणाऱ्याला तुझं लाल झालेलं तोंड बघायचं असतं. ते दिसेनासं झालं की नाव उरतं आणि काटा गळतो.

‘बायकी’ मात्र वेगळं. ती थट्टा नव्हे. त्याला एकदाच, आवाज न चढवता विचार, ‘बायकी म्हणजे वाईट काय रं त्यात?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहा. फारच झालं तर त्याला कावळा नाक्यावर ने. तिथं घोड्यावर स्वार ताराराणी आहेत. त्यांच्यासमोर म्हण म्हणावं.

एक कडू गोष्टही सांगते, कारण तुला ती ठाऊक असणार आणि तू पत्रात टाळलीयस. याच पात्रांची घाणेरडी चित्रं काही मोठ्या माणसांनी इंटरनेटवर काढून ठेवलीत. त्यामुळं मोठा पुरुष लहान मुलींचं कार्टून बघतो म्हटल्यावर एखाद्या आईच्या मनात पाल चुकचुकली, तर तिच्यावर रागावू नकोस. ती तुला ओळखत नाही, तिला तिचं लेकरू दिसतं. अशा चित्रांपासून लांब राहा, ग्रुपवर कुणी टाकली तर तिथून ऊठ. आणि हे कार्टून मुळात छोट्यांचं आहे, आपण त्यांच्या पंगतीला बसलोय, हे विसरू नकोस. दुकानात शेवटचं खेळणं उरलं असेल आणि शेजारी सहा वर्षांची मुलगी उभी असेल, तर ते तिचं.

आता आई. तिला घोड्याचा राग नाही, तिला धास्ती आहे की पोराचं जमता जमता मोडेल. पण मला एक सांग, दादाला त्या रात्रीनंतर फोन का केलास, हे तिला माहीत आहे का? माझी पैज आहे, नसणार. तिला फक्त कपाटावरचं केशरी तट्टू दिसतं. हप्त्याचा निम्मा भार दादाकडं गेला, घरातली तुझी चिडचिड कमी झाली, हे तिनं बघितलंय. ते कशामुळं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस आणि सांग. जमलं तर तो भाग दाखव, वीस-बावीस मिनिटांचाच तर आहे. त्यानंतरही चित्र काढ म्हणाली, तर तो तिचाही दिवाणखाना आहे. चित्र तुझ्या खोलीत लाव. त्यानं तू खोटा ठरत नाहीस.

राहिली गडहिंग्लजची मुलगी. तिला लग्नाआधी कळलंच पाहिजे, आणि तुझ्याच तोंडून. हळदीच्या दिवशी कट्ट्यावरच्या कुणाकडून तरी ‘तट्टू’ची गोष्ट कळणं वाईट. पण कबुलीजबाबाचा चेहरा करू नकोस, नाहीतर तिला वाटेल की दारूचं काहीतरी आहे. दोघांना बोलायला बसवतील तेव्हा आधी तिला विचार, तुला कशाचा नाद आहे? आपल्याकडं मुलींना स्वयंपाक येतो का विचारतात, हे कुणी विचारत नाही. तिचं नीट ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. मग तुझं सांग, तो फोनचा किस्सा त्यात येऊ दे. ती हसेल. हसू दे, मीही पत्र वाचताना हसले होते. हसून झाल्यावर ती काय विचारते, ते बघ. ‘लग्नानंतर बंद करणार ना?’ म्हणाली तर घाईनं ‘हो’ म्हणू नकोस, घरी येऊन विचार कर. ‘कुठली आवडते?’ म्हणाली तर मला लगेच पत्र टाक.

नाद सोडू का, असं शेवटी विचारलंयस. कंटाळा आला तर सोड, पुतणीनं सोडला तसा. कट्ट्यासाठी सोडलास तर उद्या कट्टा तुझ्या चपलेला नाव ठेवेल, मग काय अनवाणी फिरणार?

आणि कार्यक्रमाला जाशील तेव्हा बाईकची किल्ली खिशात कोंबू नकोस. टीपॉयवर ठेव, पोह्यांच्या बशीशेजारी.

– मावशी