लेकीचा वाढदिवस आणि ओसाकाचं गप्प ऑफिस

प्रश्न: ताई, माझी पोरगी ओसाकाला नोकरीला आहे. मागच्या वाढदिवसाला नवा ड्रेस घालून ऑफिसात गेली तर दिवसभर कोणी साधं हॅपी बर्थडेसुद्धा म्हटलं नाही. आम्ही इकडून बरोबर बाराला व्हिडीओ कॉल केला तर झोपमोड झाली म्हणून आमच्यावरच चिडली. हे लोक एवढे कोरडे असतात का? पुढच्या महिन्यात तिला २५ पूर्ण होतात. ऑफिसभर वाटायला संत्रा बर्फी पाठवू का? आणि ती अंडं खात नाही, मग केकचं काय?
– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: कोरडे नाही जी काकू, तिथं वाढदिवस हा सहसा ऑफिसचा विषयच नसतो. आपल्याकडं सकाळीच ग्रुपवर केकचे फोटो सुरू होतात, तिथं तारीखच कोणाला माहीत नसते आणि वयाचा विषय निघेल म्हणून कोणी विचारतही नाही. पूर्वी तर जपानात नवीन वर्ष लागलं की सगळ्यांचंच वय एकदम एकानं वाढायचं, लोकांनी वाढदिवसापासून वय मोजावं म्हणून खास कायदा करावा लागला, तो १९५० पासून लागू झाला. तसे मोठे वाढदिवस करतात ते, साठीला आजोबांना लाल जाकीट-लाल टोपी घालून फोटो काढतात, पण ते घरच्या घरी.

आणखी एक, आपल्याकडं ज्याचा बर्थडे त्याच्याच खिशाला चाट, तिथं मित्रमैत्रिणी जेवायला नेतात आणि बर्थडेवाल्याला बहुतेक पैसे काढूच देत नाहीत. पण त्यांना आधी कळायला तर पाहिजे! पोरीला म्हणा, जिच्यासोबत डबा खातेस तिला आधीच सांगून ठेव, त्या दिवशी जेवायला जायचं का म्हणून. एकीला सांगितलं तरी पुरे. आणि कोणी गिफ्ट दिलं तर तिथल्या तिथं फाडायचं नाही, उघडू का विचारायचं.

बर्फीचा मोह मला समजतो, पण खव्याचं काही पार्सलनं पाठवूच नका, वाटेत खराब व्हायचं आणि नियमांची भानगड वेगळी. वाटायची पद्धत तिथंही आहे, कोणी बाहेरगावाहून आलं की ऑफिसात खाऊ आणतात, फक्त एकेक नग वेगळ्या पाकिटात बंद पाहिजे. तेव्हा ती नागपूरला येऊन जाईल तेव्हाच न्यायला सांगा, कशात काय आहे ती चिठ्ठी सोबत. चिवड्यात शेंगदाणे असतील तर नक्कीच, तिथं पाकिटबंद खाण्यावर ते छापणं सक्तीचं आहे, ॲलर्जीमुळं.

आता फोन. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, तुमचे बारा म्हणजे तिचे पहाटेचे साडेतीन, चिडणार नाही तर काय करेल बापा! रात्री साडेआठला लावा, तिकडं ठोक बारा वाजलेले असतात.

केकचं म्हणाल तर तिथला नेहमीचा बर्थडे केक म्हणजे स्पंज, क्रीम आणि वर स्ट्रॉबेरी, अंडं हमखास, कधी जिलेटिनही. पण ॲलर्जीवाल्या लेकरांसाठी बिनअंड्याचे केक करणारी दुकानं आहेत, काही दिवस आधी ऑर्डर द्यावी लागते. एकटीला अख्खा केक कशाला म्हणेल ती, तर १२ सेंटीमीटरचा छोटाही मिळतो. दुकानात मेणबत्त्या किती हव्या विचारतात, घरी पोचायला किती वेळ लागेल तेही विचारतात आणि त्या हिशोबानं खोक्यात बर्फाची पाकिटं ठेवून देतात, हे मला फारच आवडायचं. वर चॉकलेटची छोटी पाटी असते, त्यावर नाव टाकून मागायचं, फोनवर जपानी अक्षरांत टाइप करून दाखवलं की तसंच उतरवून देतात.